आधी जागा ठेवा, मग जोर दाखवा: स्लॅमच्या वाटेवरचं पहिलं उत्तर

अंबाजोगाईत एवढ्या उन्हात पत्त्यांवरच्या व्याख्यानाला आपण आलात, आणि बरेच जण मोबाइलवरून ऐकत आहेत, त्या सगळ्यांचे आभार. आजचा विषय थोडा अवघड आहे. भिडूनं एक इस्पिक अशी बोली उघडली, आपल्या हातात जोरदार पानं आहेत, स्लॅम होईल असं वाटतंय. अशा वेळी भिडूला पास म्हणता येणार नाही अशा उत्तरांपैकी, म्हणजे फोर्सिंग उत्तरांपैकी, कुठलं निवडायचं? हा प्रश्न आम्ही पुस्तकातून नाही, एका हरलेल्या सामन्यातून उचललाय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मेंढीकोट आपण सगळेच खेळलोय. समोर भिडू, मध्ये हुकूम, आणि दश्श्या पकडायच्या. ब्रिजमध्येही भिडू समोरच बसतो, पण खेळाच्या आधी बोली असते. तेरापैकी बारा हात करण्याची बोली म्हणजे स्मॉल स्लॅम, तेराच्या तेरा म्हणजे ग्रँड स्लॅम. बोलीत फक्त ठरलेले शब्द वापरायचे. डोळा मारणं, घसा खाकरणं चालत नाही. त्यामुळे एक बोली वाया गेली की एक वाक्य वाया गेलं असं समजा.

आता ती पानं सांगतो. उत्तर देणाऱ्याच्या हातात हे होतं:

इस्पिक: राजा, ९, ८, ४
बदाम: ७
चौकट: एक्का, राणी, गुलाम, ६, ३
किलवर: एक्का, ९, ४

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, या हिशेबानं चौदा गुण. बोली उघडणाऱ्याच्या हातात हे होतं:

इस्पिक: एक्का, राणी, १०, ७, ३
बदाम: एक्का, ८, ५
चौकट: राजा, ५
किलवर: ८, ६, २

तेरा गुण. दोघांचे मिळून सत्तावीस. जुनी पुस्तकं सांगतात की स्मॉल स्लॅमला तेहतीस गुण लागतात आणि ग्रँडला सदतीस. इथं मात्र सत्तावीस गुणांत सात इस्पिक होतात. मोजून बघा: इस्पिकचे पाच, चौकटचे पाच, बदामचा एक्का, किलवरचा एक्का. झाले बारा. चौकटवर दोन किलवर आणि एक बदाम फेकायचा, मग उरलेल्या बदामावर समोरच्या हातातला हुकूम मारायचा. तेरा. चौकट फारच वाईट वाटली गेली नाही तर खेळात काही अडचण नाही.

आम्ही काय बोललो? एक इस्पिक, दोन नो ट्रम्प, चार इस्पिक, पास. तेरा हात झाले, मिळाले ७१०. दुसऱ्या टेबलावर याच पानांवर सात इस्पिक बोलले गेले आणि केले गेले, २२१०. फरक १५००, म्हणजे सतरा इम्प्स. सामना आम्ही नऊ इम्प्सनी हरलो.

पुण्याहून परतताना नगरपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मांजरसुंब्याला एसटी चहाला थांबली तेव्हा एकानं तोंड उघडलं, "सर, एवढी पानं होती तर चारवर पास का?" दुसरा म्हणाला, "सर, तुम्हीच चार इस्पिक म्हणून दार लावलंत." दोघंही मास्तर, दोघंही एकमेकांना सर म्हणणारे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. कुठली पानं कुणाच्या हातात होती ते आम्ही आजही सांगत नाही. कारण नंतर आठवडाभर कागदावर मांडल्यावर कळलं की चूक त्या चार इस्पिकमध्ये नव्हती आणि पासमध्येही फार नव्हती. ती त्याच्या आधीच्या बोलीत होती. आणि ती बोली आम्ही दोघांनी मिळून ठरवलेली होती.

ते दोन नो ट्रम्प म्हणजे जॅकोबी. ऑस्वाल्ड जॅकोबींच्या नावानं ही पद्धत जगभर चालते, आणि ती वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. अर्थ असा: "तुझ्या इस्पिकला माझी चार पानं आहेत, गेमपर्यंत जायचंच आहे, तुझ्याकडं एखादा रंग आखूड असेल तर सांग." उघडणाऱ्याकडं काही आखूड नव्हतं आणि गुणही जास्त नव्हते. ठरल्याप्रमाणे तो चार इस्पिक म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार?

आता एक प्रयोग करू. उघडणाऱ्याची पानं बदलतो. इस्पिक तीच. बदाम राजा, राणी, ५. चौकट ८, ५. किलवर राजा, ८, २. आता गुण चौदा, म्हणजे आधीपेक्षा एक जास्त. आणि स्लॅम? बदामचा एक्का गेलाच. चौकटचा राजा कुठं आहे यावर सगळं. फिनेस लागला तर बारा हात, नाही लागला तर अकरा. म्हणजे नाणेफेक. व्हल्नरेबल असताना सहा बोलून झाले तर साडेसातशेचा फायदा, बुडाले तर साडेसातशेचाच तोटा. पहिल्या पानांवर ग्रँड स्लॅम आणि दुसऱ्या पानांवर नाणेफेक, पण दोन नो ट्रम्पला दोन्ही पानांचं उत्तर एकच: चार इस्पिक. ज्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येतं, तो प्रश्न त्या पानांवर विचारण्यात अर्थ नव्हता. आमची पहिली टीका ही, आणि ती आधी स्वतःवर आहे. चार पानं आणि तेराच्या वर गुण दिसले की दोन नो ट्रम्प, असं आम्ही पाठ केलं होतं. पानांकडं पाहून निवडलं नव्हतं.

मग दुसरं काय बोलता आलं असतं? आपल्याकडच्या टेबलांवर सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे थेट चार नो ट्रम्प, ब्लॅकवुड. एक्के विचारा आणि मोकळे व्हा. ईझली ब्लॅकवुडनी ही बोली १९३० च्या दशकात काढली, आणि तिचं खरं काम नको त्या स्लॅमपासून वाचवणं हे आहे. दोन एक्के बाहेर असतील तर थांबता यावं म्हणून. आपण ती स्लॅम शोधायला वापरतो. इथं काय होईल? पहिल्या पानांवर दोन एक्के कळतील, पुढे एक राजा आहे हेही कळेल. पण कुठला राजा? चौकटचा असेल तर सोनं. बदामचा असेल तर आपल्या एकट्या सत्तीसमोर तो बसून राहणार. संख्या कळते, जागा कळत नाही.

तिसरा मार्ग जुन्या लोकांचा, उडी मारून तीन चौकट. कल्बर्टसन आणि गोरेन यांच्या पुस्तकांवर वाढलेली पिढी अजून असं बोलते. माझ्याकडं खूप आहे हे एका दमात सांगितलं जातं. पण सांगायला जी जागा लागणार होती ती उडीतच खर्च होते. शिवाय अशी उडी याहून जास्त ताकदीच्या पानांसाठी होती, चौदा गुणांसाठी नव्हे. ही सवय का टिकली, याचा आम्ही विचार केला. जुन्या पद्धतीत दोन चौकट हे उत्तर एका फेरीपुरतंच सक्तीचं असतं. पुढच्या फेरीत भिडू मध्येच थांबेल अशी धास्ती. म्हणून आधीच ओरडून ठेवायचं. म्हणजे उडीमागं पानांचा जोर कमी आणि भिडूवरचा अविश्वास जास्त.

चौथा मार्ग, थेट चार बदाम. याला स्प्लिंटर म्हणतात. "इस्पिकला चार पानं आहेत, बदाम एकच आहे किंवा नाही." डोरोथी ट्रस्कॉट यांचं नाव या कल्पनेशी जोडलं जातं, आणि कल्पना फार सुंदर आहे. दुसऱ्या पानांवर उघडणारा पाहतो की बदामचे राजा-राणी वाया गेले, तो चार इस्पिकवर शांतपणे थांबतो. पहिल्या पानांवर बदामचा एक्का बघून खूश होतो, एक्के विचारतो आणि सहावर जातो. पण सातवर जाणार नाही, कारण चौकटचा पाच पानांचा रंग त्याला कुणी सांगितलेलाच नाही. सांगायच्या गोष्टी दोन होत्या. आखूड बदाम सांगितला, लांब चौकट राहिली.

म्हणून आमचं मत पाचव्या मार्गाला: साधं दोन चौकट. अट एकच, ते गेमपर्यंत सक्तीचं आहे असं दोघांचं आधीच ठरलेलं हवं. याला टू-ओव्हर-वन म्हणतात. लातूर रोडला गाडीत बसलो की परळी येईपर्यंत कुणी उतरायचं नाही, तसं. एकदा हे ठरलं की घाई संपते. उघडणारा दोन इस्पिक म्हणतो. आता उत्तर देणारा उडी मारतो, चार बदाम. या उडीचा अर्थ: "चौकट माझा खरा रंग आहे, इस्पिकला साथ आहे, बदाम आखूड आहे." दोन्ही गोष्टी सांगून झाल्या आणि आपण अजून चार इस्पिकच्या खालीच आहोत.

बघा काय होतं. दुसऱ्या पानांवर बदाम वाया, चौकटला मदत नाही. चार इस्पिक, संपलं. पहिल्या पानांवर उघडणाऱ्याला बदामचा एक्का आणि चौकटचा राजा एकदम मोलाचे वाटतात. तो चार नो ट्रम्प विचारतो, आता योग्य वेळी. समोरून हुकमाचा राजा आणि दोन एक्के येतात. मग तो सहा चौकट म्हणतो: "तुझ्या चौकटीत राणी आहे का?" राणी आहे, गुलामही आहे. सात इस्पिक. कुणी अंदाज बांधला नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: मग जॅकोबी फेकून द्यायची का? नाही. समजा आपल्याकडं इस्पिक राजा, गुलाम, ८, ४, बदाम एक्का, ६, ३, चौकट राजा, राणी, ५, किलवर राजा, ७, २ अशी सपाट पानं आहेत. सांगण्यासारखं काही नाही, लांब रंग नाही, आखूड रंग नाही. तिथं भिडूचा आखूड रंग कुठला हेच महत्त्वाचं, तर विचारावं, दोन नो ट्रम्पच बोलावं. आणि आखूड रंग आहे पण दुसरा लांब रंग नाही, गुण बेताचे, तर थेट स्प्लिंटर. स्वतःला एवढंच विचारा: स्लॅम कशावर ठरणार आहे, आणि ते मला सांगायचंय की विचारायचंय?

दुसरा आक्षेप आमच्या चौकडीतूनच आला. दोन चौकट म्हणून मग इस्पिकला साथ दिली तर भिडूला वाटेल तीनच पानं आहेत. खरं आहे, ही किंमत मोजावी लागते. चौकट कच्ची असती, राजा आणि चार बारकी पानं, तर आम्हीही ती मोजली नसती. इथं चौकट हात देणारा रंग आहे, म्हणून मोजली.

शेवटी दोन शब्द भिडूबद्दल. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं तेव्हा प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीनं भारताला सुवर्ण मिळवून दिलं, एक साठीचा आणि दुसरा छप्पन्नचा. २०२३ मध्ये हांगझोला आपल्या पुरुष संघानं रौप्य आणलं. हे सगळं मोठ्या शहरांचं, असं कुणी म्हणेल. पण मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे, तिथं शेतकरी शेतातून आल्यावर ब्रिज खेळतात. तेव्हा बीड जिल्ह्यात हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही. अडतं ते एवढ्यावर की आपण भिडूबरोबर बसून, कागद घेऊन, कुठल्या बोलीचा काय अर्थ हे आधी ठरवत नाही. आणि डाव हरल्यावर एसटीत भांडतो.

आम्ही दोघं अजून एकत्र खेळतो. त्या आठवड्यानंतर एक दोनशे पानी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: एक इस्पिकवर दोन चौकट, गेमपर्यंत सक्तीचं. खाली दोघांच्या सह्या आहेत. पुढच्या वेळी येताना आपापल्या भिडूला घेऊन या, आणि एक वही आणा.