उलटी प्रदक्षिणा

गोव्यात डिचोलीजवळच्या मुळगावी केळबाईच्या देवळात आपण देवीला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. गणितातली ‘धन’ प्रदक्षिणा नेमकी उलटी, तिथे केंद्र डाव्या हाताला राहते. संमिश्र फलनांच्या शास्त्राची निम्मी गंमत या फेरीतच आहे. एक भागिले झेड हे फलन घ्या आणि शून्याभोवती एक फेरी मारून त्याचे संकलन करा. उत्तर येते २ पाय आय. वाट लहान घ्या, मोठी घ्या, वेडीवाकडी घ्या, उत्तर तसूभर हलत नाही. दोन फेऱ्यांना दुप्पट, उलट दिशेने गेलात तर तेच ऋण, आणि शून्याला बाहेर ठेवून फिरलात तर हाती काहीच नाही.

हे नवल विद्यार्थ्याला कितव्या पानावर आणि कशा रीतीने भेटते, यावरून मी पाठ्यपुस्तकाची पारख करतो.

फोर्साइथ यांचा १८९३चा जाडजूड ग्रंथ इंग्लंडात या विषयाचे दार उघडणारा. आज तो ग्रंथ कपाटातच शोभतो. टिचमार्श (१९३२) आणि कॉप्सन (१९३५) अजून उपयोगी पडतात, पण पहिली ओळख करून देण्याचे काम त्यांचे नव्हे.

ते काम चर्चिल यांनी १९४८मध्ये केले. उष्णता, विद्युतक्षेत्र, द्रवाचा प्रवाह अशी ओळखीची उदाहरणे समोर ठेवत ते मुलाच्या हातून गणिते करवून घेतात. ‘हाती काहीच नाही’ असे का होते ते सांगणारा कोशीचा सिद्धांत आधी ग्रीनच्या सूत्राने पटकन मिळतो, मग अवकलज सलग असल्याचे न धरताच तो सिद्ध करणारा गूर्सा येतो. विद्वान नाक मुरडतात, पण या पुस्तकाने शिकलेल्या मुलाचे हात चालू लागतात, हे खरे.

आल्फर्स यांचे १९५३चे पुस्तक वेगळ्याच कुळातले. लेखक १९३६चे फील्ड्स पदकाचे मानकरी, आणि वाक्यन् वाक्य मोजून लिहिलेले. त्यातला गूर्साचा पुरावा पाहा. आयताचे चार तुकडे करा, ज्याने सर्वांत जास्त गडबड केली तो तुकडा पकडा, त्याचे पुन्हा चार करा आणि असेच आत आत जात राहा. शेवटी एका बिंदूपाशी गुन्हेगार सापडायला हवा, आणि तिथे तर अवकलनीयता पहाऱ्याला बसलेली. थोडक्यात सारे संपते. मात्र सोडवून दाखवलेली उदाहरणे मोजकी, त्यामुळे एकट्याने वाचणाऱ्याची दमछाक होते. कॉनवे (१९७३) सुरुवातीला अवकलज सलग असल्याचे धरून चालतात आणि गूर्साला मागे ठेवतात. हा क्रम मला पटत नाही, कारण या शास्त्राचे सर्वांत मोठे आश्चर्यच त्यात तळटीपेसारखे होऊन बसते. नीडम यांचे १९९७चे चित्रमय पुस्तक डोळे उघडते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचा आधार नाही.

आमच्याकडची अडचण या पुस्तकांत नाही, भाषेच्या उंबरठ्यावर आहे. गोव्यातली कितीतरी मुले पाढे मराठीत म्हणतात, पाचवीपासून इंग्रजीत जातात, आणि पुढे ‘पोल’ आणि ‘रेसिड्यू’ इंग्रजीतच घोकतात. ‘संमिश्र संख्या’, ‘फलन’ हे शब्द मराठीत कधीचेच रुळले आहेत. नाही ते उलगडून सांगणे. फळ्यापाशी उभे राहून, फलन जिथे मोडते त्या बिंदूवर बोट ठेवून चांगला मास्तर ‘अरे, भोक आत घेऊन फिरलास ना?’ असे म्हणतो, ते वाक्य मला आजवर एकाही छापील पानावर दिसलेले नाही. मुळगावच्या मुलाला तर भोकाभोवतीची वाट म्हणजे काय ते निराळे सांगायला नको. खाणीच्या खंदकांना वळसा घालतच तो मोठा झालेला असतो.

डिचोलीतल्या मुलाला मी आधी चर्चिल देईन आणि वर्षभराने आल्फर्स. नीडम रविवारी, आणि पेन्सिल हातात घेऊनच.