उंबरठ्यावरची फाईल : एका प्रचलित उपायाची समीक्षा

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. हिरण्यकशिपूने मागितलेल्या वरात घराच्या आत व बाहेर मृत्यू नसावा अशी अट होती. उंबरठ्याचा विचार मात्र राहून गेला होता. संगणकीय आज्ञावलीच्या चाचण्या फाईल-लॉकमुळे अपयशी ठरतात, तेव्हाही दोष बहुधा अशाच एका मधल्या अवस्थेत असतो. फाईल ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच स्थिती चाचणीकाराने गृहीत धरलेल्या असतात.

युनिक्समध्ये उघडी फाईल पुसली असता तिचे नाव तत्काळ नाहीसे होते. मजकूर मात्र ती वापरणारा शेवटचा दुवा बंद होईपर्यंत टिकतो. विंडोजची परंपरा निराळी आहे. फाईल उघडणाऱ्याने ती पुसण्याची मुभा इतरांस दिली नसेल, तर ३२ क्रमांकाची त्रुटी येऊन विनंती फेटाळली जाते. मुभा असली तरी पूर्वी फाईलवर केवळ पुसण्याची खूण होई आणि नाव अडून राही. विंडोज १० च्या उत्तरकालीन आवृत्त्यांनी हे अंतर कमी केले. म्हणूनच फाईल बंद न करता तात्पुरती निर्देशिका पुसणारी चाचणी लिनक्सवर उत्तीर्ण होते व विंडोजवर कोसळते.

यावर रूढ झालेला उपाय म्हणजे क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे. हा उपाय सोयीचा असला तरी तो दोषाचे निदान करीत नाही. लुओ, हरीरी, एलूसी व मारिनोव्ह यांनी २०१४ साली ५१ प्रकल्पांतील अस्थिर चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. ठराविक काळ थांबल्याने अपयशाची संभाव्यता घटते, अपयश नाहीसे होत नाही, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

याहून गंभीर प्रकार खोट्या यशाचा आहे. पॉझिक्स पद्धतीचे लॉक प्रक्रियेच्या मालकीचे असते. त्याच प्रक्रियेने त्या फाईलचा कोणताही दुवा बंद केला की तिची त्या फाईलवरील सर्व लॉक सुटतात. शिवाय एकाच प्रक्रियेतील दोन लॉकांचा परस्परांशी संघर्ष होत नाही. तेव्हा परस्पर-प्रतिबंधाची परीक्षा एकाच प्रक्रियेत घेणारी चाचणी जे सिद्ध करू पाहते, ते तिला तपासताच येत नाही. अशा परीक्षेस दोन स्वतंत्र प्रक्रिया हव्यात.

खरा उपाय मालकीच्या निश्चितीत आहे. फाईल कोणी उघडली व ती कोणत्या क्षणी बंद होणार, हे आज्ञावलीतच स्पष्ट असावे. अपवाद उद्भवला तरी ती बंद व्हावी. प्रत्येक चाचणीस स्वतंत्र निर्देशिका असावी. पायथनच्या ३.१२ या आवृत्तीने (२०२३) तात्पुरती फाईल बंद होताच न पुसता नंतर पुसण्याची सोय दिली, ती याच विचाराची द्योतक होय.

विषाणुरोधक आज्ञावली त्रयस्थपणे फाईल उघडते, तेथे प्रतीक्षा अपरिहार्य नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु तेथेही प्रतीक्षेस मर्यादा असावी आणि तिचे कारण नोंदलेले असावे. स्वतःच्या हातून उघडी राहिलेली फाईल आणि परक्याने धरलेली फाईल यांना एकच औषध देणे म्हणजे अपयशी चाचणीने दिलेली खरी साक्ष पुसून टाकणे होय.