संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या विवरणपत्रातील अल्प धारणा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : अमेरिकेच्या १९३४ च्या रोखे विनिमय कायद्यात १९७५ साली कलम १३ (एफ) समाविष्ट झाले. त्यानुसार किमान १० कोटी डॉलरचे विहित रोखे हाताळणाऱ्या संस्थांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आपली धारणा जाहीर करावी लागते. बाजारात पारदर्शकता यावी हा त्यामागील हेतू होय. मात्र या विवरणपत्रातील लहान आकड्यांवर जो अर्थ लादला जातो, त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन : बर्कशायर हॅथवेच्या डिसेंबर २०१९ अखेरच्या विवरणपत्रात एस अँड पी ५०० निर्देशांकाशी निगडित दोन फंडांचे अनुक्रमे ३९,४०० व ४३,००० युनिट प्रथमच दिसले. वॉरन बफे सामान्य गुंतवणूकदारास निर्देशांक फंडाचाच सल्ला देत आले असल्याने ही त्यांच्या मताची कृतिरूप साक्ष मानण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु ही रक्कम सुमारे अडीच कोटी डॉलर, तर जाहीर धारणा सुमारे २४,२०० कोटी डॉलरची होती. म्हणजे दहा हजार रुपयांत एक रुपया. पुढे जवळजवळ पाच वर्षे हे आकडे बदलले नाहीत आणि २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत दोन्ही धारणा विकल्या गेल्या. मोठ्या खरेदीची नांदी म्हणून केलेले वाचन येथे टिकत नाही.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत याच संस्थेने ॲमेझॉनचे ४,८३,३०० समभाग घेतले. हा निर्णय आपला नसून कार्यालयातील सहकाऱ्याचा असल्याचे बफे यांनीच सांगितले. विवरणपत्रावर नाव संस्थेचे असते. निर्णय कोणाचा व कशासाठी, हे त्यातून उमगत नाही. शॉर्ट व्यवहारही त्यात येत नाहीत. त्यामुळे दिसणारी अल्प धारणा हा एखाद्या मोठ्या व्यवहाराचा केवळ एक पदर असू शकतो.

तथापि अल्प धारणा सरसकट निरर्थक ठरविणेही एकांगी होईल. मोठ्या संस्थेच्या दृष्टीने नगण्य असलेली रक्कम एखाद्या लहान कंपनीच्या भागभांडवलाचा लक्षणीय हिस्सा असू शकते. म्हणून प्रत्येक आकडा संस्थेची एकूण धारणा आणि संबंधित कंपनीचे आकारमान या दोन्ही मापांनी मोजला पाहिजे. तसेच तो सलग अनेक तिमाहींच्या ओघात वाचला पाहिजे.

समारोप : विवरणपत्र धारणा सांगते, हेतू सांगत नाही. हा भेद विसरून थोरांच्या नावामागे आपली बचत लावणारा लहान गुंतवणूकदार दीड महिन्यापर्यंत जुन्या माहितीवर विसंबतो. संस्थेसाठी जो दहा हजारांतील एक रुपया असतो, तो त्याच्यासाठी आयुष्यभराची पुंजी ठरू शकतो.