गुडघ्यातले दुःख : मराठी वाङ्मय आणि खेळाडूचे उत्तरायुष्य

पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते, असे मराठीत थट्टेने म्हटले जाते. ग्रामीण विनोदी कथेने आणि वगनाट्याने या थट्टेवर बराच काळ गुजराण केली. आडदांड देहाचा, मंद बुद्धीचा, खाण्यावर तुटून पडणारा पैलवान हे त्या वाङ्मयातले हमखास हशा मिळवणारे पात्र. परंतु या थट्टेत नकळत एक सत्य बोलले गेले आहे. ज्याचे सारे जगणे देहाच्या आधाराने उभे राहिलेले असते, त्याचे मन देहापासून सुटे काढून पाहता येत नाही. गुडघा गेला की त्याच्यासोबत आणखी काय काय जाते, हा प्रश्न या म्हणण्याच्या पोटात दडलेला आहे आणि मराठी लेखकांनी तो क्वचितच विचारला आहे. दुखापत, दुखापतीमागून येणारे रिकामपण, त्या रिकामपणात शिरणारी दारू आणि हळूहळू ढासळत जाणारे मन, हे अनुभवविश्व मराठीला अपरिचित नाही. मात्र ते जिथे समर्थपणे लिहिले गेले तिथे खेळाडू नाही, आणि जिथे खेळाडू आहे तिथे ते लिहिले गेलेले नाही. या फारकतीचा शोध घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

आरंभ तालमीपासून करणे सोयीचे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात तालीम ही केवळ व्यायामाची जागा कधीच नव्हती. ते एक आचारशास्त्र होते. पहाटेचा जोर-बैठकांचा मेळ, लाल मातीच्या हौद्याला केलेला नमस्कार, वस्तादाची आज्ञा, दूध-तूप-बदामाचा खुराक आणि लंगोटीचा पक्केपणा या साऱ्यांतून घडणारा देह हा चारित्र्याचा दृश्य पुरावा मानला जाई. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेला, 1992 साली प्रसिद्ध झालेला अभ्यासग्रंथ याच सूत्राभोवती उभा आहे, आणि त्यातले पुष्कळसे आपल्या तालमींनाही लागू पडते. या आचारशास्त्रात दारूला मज्जाव आहे, हे उघडच आहे. शिस्त म्हणून हा मज्जाव योग्यच म्हणावा लागेल. अडचण निर्माण होते ती कथनाच्या पातळीवर. देह हाच चारित्र्याचा पुरावा ठरला की मोडलेला देह हा चारित्र्याच्या मोडतोडीचा पुरावा ठरू लागतो. मग दारूला लागलेला पैलवान रुग्ण राहत नाही, तो भ्रष्ट होतो. आणि भ्रष्टाची कथा तालीम सांगत नाही.

दुखापतींमध्येही तालमीची भाषा निवड करते. झोंबाझोंबीत कानाच्या कूर्चेत रक्त साकळून कान जाड, वेडावाकडा होतो. हा मोडलेला कान ही पैलवानाची सनद समजली जाते. तरुण मुले तो मिरवतात, लेखकही पैलवानाचे वर्णन करताना प्रथम कानाकडे बोट दाखवतात. गुडघ्याच्या सांध्यातला फाटलेला स्नायुबंध मात्र बाहेरून दिसत नाही. तो हाडवैद्याच्या लेपाखाली झाकला जातो आणि मैदानाची तारीख जवळ आली की त्याच्यावर कापड आवळून माणूस पुन्हा मातीत उतरतो. कान दिसतो म्हणून त्याचे वाङ्मय झाले. गुडघ्याचे झाले नाही.

खाशाबा जाधव यांच्या कथेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि 1952 साली हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी गोळा केलेली वर्गणी, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी गहाण ठेवलेले घर, परतल्यावर बैलगाड्यांतून निघालेली मिरवणूक हे सारे तपशील पाठ्यपुस्तकांतून, लेखांतून, भाषणांतून पुन्हापुन्हा येतात. पुढे खाशाबा मुंबई पोलीस दलात गेले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते जाऊ शकले नाहीत, कारण गुडघ्याला दुखापत झाली होती. हे वाक्य बहुतेक लेखनात एकाच ओळीत उरकलेले आढळते. त्यानंतर एकदम 1984 सालचा अपघाती मृत्यू आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कार. मधली जवळजवळ तीन दशके कुठे गेली? तिशीच्या उंबरठ्यावर ज्याच्या हातून तिसरे ऑलिंपिक निसटले त्या माणसाने त्या गुडघ्याशी काय बोलणे केले असेल? खाशाबांचे उत्तरायुष्य व्यसनाचे नव्हते, ते नोकरीचे आणि कर्तव्याचे होते, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. परंतु म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. पतन नसले तरी उणीव असू शकते, आणि आपल्या चरित्रलेखनाला उणीव लिहिण्याचा सराव नाही. त्याला विजय लिहिता येतो, उपेक्षा लिहिता येते. उपेक्षा लिहिताना तर त्याची लेखणी विशेष खुलते, कारण तिथे दोष सरकारचा असतो.

मग हा अनुभव मराठीत कुठे सापडतो? माझ्या मते त्याची सर्वांत अचूक मांडणी एका नाटकात आहे, आणि त्या नाटकात एकही खेळाडू नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, 1919 साली रंगभूमीवर आले. त्याची गणना मद्यपाननिषेधाच्या नाटकांत होते, आणि सिंधूच्या पातिव्रत्यावर इतके अश्रू ढाळले गेले आहेत की सुधाकर पिऊ का लागतो, हा साधा प्रश्न मागे पडतो. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे, स्वकर्तृत्वाने वर आलेला आहे. न्यायालय हे त्याचे मैदान आहे. मुनसफाशी खटका उडून त्याची वकिलीची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. दुखापत म्हणतात ती हीच : कौशल्य शाबूत, पण ते दाखवण्याची जागा बंद. या रिकाम्या काळात तळीराम प्याला पुढे करतो. तो सुखासाठी पुढे केलेला नसतो, विसरण्यासाठी असतो. गडकऱ्यांनी याहूनही सूक्ष्म गोष्ट पुढे टिपली आहे. सुधाकर मधे एकदा निश्चयाने दारू सोडतो आणि जुन्या परिचितांच्या दारी काम मागायला जातो. तिथे त्याला जी वागणूक मिळते ती त्याला पुन्हा प्याल्याकडे ढकलते. म्हणजे व्यसनाचा पहिला घोट अपमानाचा आहे आणि दुसरा, अधिक घातक घोट, परतीची वाट बंद असण्याचा आहे. आज व्यसनोपचारात काम करणारी माणसे पुन्हा घसरण्याविषयी जे सांगतात, ते गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी रंगभूमीवर मांडले होते.

आणखी एक गोष्ट. नाटकातले आर्यमदिरामंडळ ही विनोदाची जागा मानली जाते, आणि ती तशी आहेही. पण तो विनोद एका मैत्रीचा आहे. सुसंस्कृत जगाने दूर सारलेल्या माणसाला तिथे आसन मिळते. खेळ सुटलेल्या माणसाच्या आयुष्यातून पहिल्यांदा जाते ते यश नसते. जाते ती संगत. पहाटे एकत्र घाम गाळणारी, एका ताटात खाणारी, परस्परांच्या पाठीला तेल लावणारी मंडळी एका दुखापतीने दुरावतात. मेहनत सुटते, खुराकाची सवय मात्र सुटत नाही. देह सैलावतो, रात्री झोप येत नाही, गुडघा ठणकतो. दारू झोप आणते आणि मध्यरात्री तीच ती मोडते. वेदना बधिर करते आणि स्नायूंची दुरुस्ती लांबवते. हे तालमीत कोणी सांगत नाही. सांगणारी जी एकमेव मंडळी उरते, ती गुत्त्यावर बसलेली असते आणि ती वेगळेच काही सांगते.

देहाच्या अंगाने पाहता ‘नटरंग’चा उल्लेख अपरिहार्य ठरतो. आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2010 च्या आरंभी प्रदर्शित झाला. पिळदार देहाचा शेतमजूर गुणा तमाशाच्या ओढीने नाच्या होतो आणि त्यासाठी आपला भरदार देह स्वतःच्या हाताने झिजवतो. अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी आधी कमावलेले आणि मग उतरवलेले शरीर हे त्या चित्रपटाचे खरे संहितालेखन होय. कमावलेला पुरुषी देह उतरवताना माणसाच्या प्रतिष्ठेचे, संसाराचे आणि आत्मप्रतिमेचे काय होते, याचे इतके थेट दर्शन मराठीत दुसरे नाही. परंतु गुणाचा देह कलेसाठी उतरतो. त्याच्या झिजण्याला ध्येय आहे आणि म्हणून शेवटी सन्मानही आहे. ज्याचा देह कशासाठीच उतरत नाही, नुसता उतरतो, त्याची कथा लिहायची राहूनच गेली.

व्यसनाविषयीचे मराठी लेखन दुसऱ्या बाजूला समृद्ध आहे. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरवरील लेखनातून हा विषय मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात आणला. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणमधून व्यसन हा आजार आहे ही दृष्टी रुजली. या लेखनाची भाषा न्यायाधीशाची नाही, सोबत बसणाऱ्याची आहे, हे त्याचे मोठे वाङ्मयीन मूल्य. मराठी क्रीडालेखनाने ही भाषा उसनी घेतली असती तर बरे झाले असते. क्रीडालेखकाला कीर्तनकाराचीच भाषा जवळची वाटत आली.

याचा प्रत्यय विनोद कांबळीच्या बाबतीत आला. 1988 साली शारदाश्रमसाठी तेंडुलकरसोबतची 664 धावांची भागी, 1993 साली कसोटीत लागोपाठ दोन द्विशतके, सतरा कसोट्यांत 54.20 ची सरासरी, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी, 1995 साली, अखेरची कसोटी. हे आकडेच एखाद्या शोकात्म कादंबरीचा आराखडा ठरावेत. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगी तो दिसला, पुढे रुग्णालयात दाखल झाला, दारूविषयी स्वतः मोकळेपणाने बोलला. यावर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे दोन मित्रांच्या बोधकथेच्या साच्यातले होते : एकाने शिस्त पाळली, दुसऱ्याने नाही. साचा इतका सोयीचा की त्यात आजार, औषधोपचार, तेविसाव्या वर्षी बंद झालेले दार यांपैकी काहीच मावत नाही. एका बोधकथेसाठी जिवंत माणसाचा दृष्टान्त करणे हा वाङ्मयीन अपराध आहे, असे मला वाटते. (ज्या क्रिकेटने खेळाडूंना मद्याविषयी उपदेश करावा, त्याच्या लीगमधला एक संघ 2008 पासून व्हिस्कीच्या नावाने खेळतो, याची नोंद मात्र त्या लेखांत क्वचितच दिसली.)

इंग्रजीत या विषयावर खेळाडूंनीच लिहिले आहे. मार्कस ट्रेस्कॉथिकचे 2008 सालचे आत्मचरित्र नैराश्याविषयी आहे. भारतदौरा अर्धवट सोडून तो परतला त्यामागचे कारण त्यात उघड झाले. आपल्याकडे अभिनव बिंद्राच्या 2011 मधील आत्मकथनात सुवर्णपदकानंतरची पोकळी येते. हे लेखन धीराचे आहे. तरीही एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते : दोघांनाही बोलण्याची परवानगी यशाने दिलेली आहे. जिंकलेल्याचे नैराश्य ऐकून घेतले जाते. जिल्हा पातळीवर गुडघा गमावलेल्याला नैराश्य येते तेव्हा त्याला आळस म्हणतात.

येथे खेळाडूपेक्षा खेळाच्या समाजाकडे वळले पाहिजे, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण उपयोगी ठरेल. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे हे निर्वासित तिबेटींच्या वसाहतींचे ठिकाण. पहिली वसाहत साठच्या दशकाच्या आरंभीची. देश हरवलेल्या या समाजात फुटबॉल हा वसाहती-वसाहतींना जोडणारा दुवा ठरला, आणि 2001 साली कोपनहेगनला ग्रीनलंडविरुद्ध तिबेटच्या नावाने उतरलेल्या संघाने 4-1 असा पराभव पत्करला तरी त्याची आठवण विजयासारखी जपली गेली. तिथून कावेरी ओलांडली की कुशालनगर, म्हणजे कोडगू. कोडवांच्या हॉकी महोत्सवात संघ कुळांचे असतात. 1997 साली पांडंडा कुट्टप्पा यांनी करडा गावी सुरू केलेल्या या स्पर्धेत 2024 साली साडेतीनशेहून अधिक कुळे उतरली. कुळाच्या संघात शाळकरी मुलगा, सून आणि साठी ओलांडलेला चुलता एकत्र खेळू शकतात. या समाजात मद्य निषिद्ध नाही, विधींतही त्याला स्थान आहे. त्यामुळे तिथे व्यसन नाही असा भोळा निष्कर्ष कोणी काढू नये. मुद्दा वेगळा आहे. तिथे खेळाडू ‘माजी’ होण्याची घटका लांबते. दोन्ही ठिकाणी खेळाचे नाते जिंकण्याइतकेच आपल्या माणसांत असण्याशी आहे.

आपल्याकडच्या जत्रेतील कुस्त्यांच्या फडात अशी एक जागा आहे. हौद्याच्या कडेला फेटे बांधलेले, नारळ देऊन मान दिलेले जुने पैलवान बसतात. काही पंच म्हणून आत उतरतात, बाकीचे कडेलाच राहतात. हलगी वाजत असते आणि गावाची नजर मातीवर असते. एक पाय दुमडता येत नाही म्हणून तो लांब करून बसलेली ही माणसे कोणत्या जोडीला काय चुकले ते एकमेकांना सांगतात. मधेच कोणाचे तरी नाव निघते, जो यंदा आला नाही, आणि त्याच्याविषयी आवाज खाली जातो. त्या खालच्या आवाजात काय बोलले जाते ते मराठी कथेने अजून ऐकलेले नाही. त्यांच्या घरी खुराक रांधून दमलेल्या, पुढे बाटल्या लपवून दमलेल्या बायकांचे तर कोणी विचारलेलेच नाही. सिंधूवर एक शतकभर रडणाऱ्या रसिकांनीदेखील नाही.