पाठलाग, माग आणि सुगावा : कल्पनारम्य भूमिकाखेळांतील शत्रुविषयक नियमांचे परीक्षण

शत्रू मागे लागला, ही घटना सांगण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. पाठलाग करणाऱ्यास पुढच्याची पाठ दिसत असावी लागते. ती दृष्टीआड झाली की पाठलाग संपतो. माग काढणाऱ्यास पाठ दिसत नाही. पाऊल, विझलेली राख, मोडलेली फांदी यांवरून तो पुढे गेलेल्याचे अनुमान करतो. पाळत ठेवणारा बहुधा आपल्या जागेवरून हलतही नाही. आणि सुगावा तर कोणी लावीत नाही, तो 'लागतो'. मात्र तो कोणास तरी लागावा लागतो. 'शत्रूस सुगावा लागला' या वाक्यातील चतुर्थीचे पद गाळले, तर वाक्य ऐकणारा 'कोणास?' असे विचारल्यावाचून राहात नाही. कल्पनारम्य भूमिकाखेळांच्या नियमग्रंथांत शत्रूच्या पाठलागाविषयी जी कलमे आढळतात, त्यांचे परीक्षण करताना हा भेद उपयोगी पडतो. किंबहुना, या नियमांत आजवर काय साधले आणि काय राहिले, हे त्यावाचून नीट कळतच नाही.

हे खेळ मेजाभोवती बसून खेळावयाचे असतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन उरलेले जग, शत्रूसह, चालवितो. आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. सूत्रधाराला सर्व ठाऊक असते. पण सूत्रधाराला जे ठाऊक आहे ते शत्रूलाही ठाऊक आहे काय? पाठलागाच्या प्रत्येक नियमाला या प्रश्नाचे उत्तर उघडपणे वा मुकाट्याने द्यावे लागते.

या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' होय. त्याच्या तीन पुस्तिकांपैकी तिसरीत पाठलागाचा नियम थोड्याच ओळींत आला आहे. दोन पक्षांतील अंतर ९० फुटांहून अधिक होत नाही तोवर राक्षस सरळ रेषेत मागे येत राहतो. पळणाऱ्यांनी वळण घेतले, दार ओलांडले किंवा जिना गाठला, तर तो पुढे येण्याची शक्यता सहात दोन इतकीच उरते; गुप्त दारातून गेल्यास सहात एक. येथवर हा शब्दशः पाठलाग आहे : पाठ दिसेनाशी झाली की शत्रूचा निश्चय ढळू लागतो. परंतु याच नियमाचा उत्तरार्ध अधिक मार्मिक आहे. पळताना मागे अन्न टाकले तर बुद्धिहीन प्राणी शंभरात नव्वद वेळा त्यापाशी थांबतो, अर्धबुद्धीचा पन्नास वेळा आणि बुद्धिमान केवळ दहा वेळा. द्रव्य टाकल्यास परिणाम उलट होतो. त्याचा मोह बुद्धिमानालाच अधिक पडतो. अशा रीतीने या रूक्ष कोष्टकात मागे येणाऱ्याचा हेतू नोंदला गेला आहे. तो का धावतो आहे हे ज्याने ओळखले, त्याला पाय वेगवान नसले तरी वाचता येते.

पुढील काळात हा उत्तरार्ध मागे पडला आणि पूर्वार्ध मात्र फुगत गेला, याचा चांगला नमुना त्याच खेळाच्या २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात मिळतो. तेथे पाठलागाला स्वतंत्र प्रकरणभाग लाभला आहे. प्रत्येक पात्राला, तीन अधिक त्याच्या शरीरबळाचा गुणांक, इतक्या वेळा निर्वेध धाव घेता येते. त्यापुढील प्रत्येक धावेस फासा टाकून १० चा आकडा गाठावा लागतो, अन्यथा थकव्याची एक पायरी चढते. शिवाय वीस बाजूंच्या फाशाने ठरणारी विघ्नांची दोन कोष्टके आहेत, एक नगरासाठी व एक रानासाठी. पळणारा नजरेआड झाला असेल तरच त्याला लपण्याचा प्रयत्न करता येतो. ही रचना खेळताना रंगते, यात संशय नाही. मात्र तिच्यात शत्रू म्हणजे केवळ एक गती आणि एक दमसास आहे. नगररक्षक, भुकेला लांडगा आणि सूडाने पेटलेला भाऊ हे तिघेही एकाच रीतीने धावतात आणि एकाच रीतीने थकतात.

ज्या साहित्यातून या खेळांनी आपली स्वप्ने घेतली, त्यात तसे घडत नाही. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा पहिला खंड १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काळ्या स्वारांचा पाठलाग वेगाच्या बळावर चालत नाही. शत्रूच्या हाती प्रथम दोनच विशेषनामे लागलेली असतात : एक प्रदेशाचे, एक कुळाचे. ही नामे घेऊन स्वार दारोदार चौकशी करीत हिंडतात; म्हणूनच फ्रोडोला परके आडनाव धारण करावे लागते. स्वारांना दिवसा नीट दिसत नाही, त्यांना वास येतो. आणि फ्रोडोने मुद्रिका बोटात घातली की तो इतरांस अदृश्य, पण त्यांना स्पष्ट दिसू लागतो. वाचकाच्या मनात जी भीती दाटते ती स्वारांच्या घोड्यांमुळे नव्हे, तर प्रत्येक प्रकरणात त्यांना आणखी किती कळले आहे या शंकेमुळे. हा माग आहे, पाठलाग नव्हे.

या साहित्यावरच आधारलेला 'द वन रिंग' हा खेळ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ ग्रंथात नसलेला 'मॉरडॉरचा डोळा' हा नियम २०१४ च्या 'रिव्हेंडेल' या पुरवणीने आणला. पुरवणीत तो यावा यास कारण होते. त्याच पुस्तकाने खेळाडूंना श्रेष्ठ एल्फांच्या भूमिका आणि मंतरलेली शस्त्रे उपलब्ध करून दिली. सामर्थ्य वाढले, तेव्हा त्या सामर्थ्याकडे शत्रूचे लक्ष जाण्याचा धोकाही वाढला पाहिजे, हा त्यामागील विचार. पुढे २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम मूळ ग्रंथातच समाविष्ट झाला. पथकाच्या घटनेवरून डोळ्याच्या सावधतेचा आरंभीचा अंक ठरतो. लढाईबाहेर बारा बाजूंच्या फाशावर डोळ्याचे चिन्ह पडले, पात्राच्या मनावर छाया साचली किंवा जादूचा आश्रय घेतला, की तो अंक वाढतो. सीमेवरच्या प्रदेशात १८, रानटी प्रदेशात १६ व काळोख्या प्रदेशात १४ ही मर्यादा गाठली की संकट कोसळते आणि अंक पुन्हा आरंभस्थानी येतो.

वेगाऐवजी प्रकट होण्याचे मोजमाप करणारा हा नियम निश्चितच प्रगतीचा आहे. तथापि त्याचे व्याकरण तपासले असता एक उणीव दिसते. मराठीत 'उजाडले', 'सांजावले' अशी क्रियापदे आहेत. त्यांना कर्ता नसतो आणि आपण त्यास अकर्तृक भावे प्रयोग म्हणतो. डोळ्याचा नियम याच प्रयोगात लिहिलेला आहे. अंक भरला आणि संकट 'झाले'. सुगावा कोणास लागला, कशावरून लागला, त्याने तो कोणास कळविला, याची नोंद नियमात नाही. शिवाय अंक आरंभस्थानी परतताच मागे साठलेले सर्व पुसले जाते. म्हणजे संकटाच्या दुसऱ्या दिवशी शत्रूला पथकाविषयी पहिल्या दिवसाइतकेच ठाऊक असते. पथकातील एखाद्याने खाणावळीत खरे नाव सांगितले काय आणि खोटे सांगितले काय, अंक हलत नाही. कादंबरीत ज्या गोष्टीवर सर्वांचे प्राण अवलंबून होते, तीच येथे निष्परिणाम ठरते.

यावर असे म्हटले जाईल की, हे सारे सूत्रधाराने आपल्या प्रतिभेने भरावयाचे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. संकटाचे रूप ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याला जाणूनबुजून दिलेले आहे. पण स्वातंत्र्य देणे आणि आधार न देणे यांत अंतर आहे. शत्रूचे ज्ञान कोठेच लिहिलेले नसेल, तर सर्वज्ञ सूत्रधार नकळत आपलेच ज्ञान त्याला देऊन टाकतो. मग खेळाडूंनी विझवलेली शेकोटी, बदललेले नाव, टाळलेला पूल यांना अर्थ उरत नाही, आणि सावधपणा व्यर्थ आहे हे एकदा कळले की भीतीही उरत नाही. तिच्या जागी नुसते दैव येते.

म्हणून या खेळांचे अभ्यासू खेळाडू पाठलागाविषयी नव्या पुरवणीची अपेक्षा करतात तेव्हा ती कशाची असावी, हे ठरविणे अगत्याचे आहे. आपल्या शास्त्रपरंपरेत वार्त्तिकाचे कार्य तीन प्रकारचे मानले आहे : सूत्रात जे सांगितले, जे सांगावयाचे राहिले आणि जे चुकीचे सांगितले गेले, या तिन्हींचा विचार. पुरवणीग्रंथ हे या खेळांचे वार्त्तिकच होत. परंतु विघ्नांचे तिसरे कोष्टक देणारी पुरवणी सांगितलेलेच पुन्हा सांगते. 'रिव्हेंडेल'ने अनुक्त सांगितले. म्हणूनच तिचा नियम मूळ ग्रंथात जाऊन बसला. आता उरले आहे ते दुरुक्ताचे शोधन. त्यासाठी मोठे यंत्र नको. शत्रूला काय ठाऊक आहे याची चार ओळींची उघड यादी पुरेल : नाव, वाट, संख्या, हेतू. खेळाडूंच्या प्रत्येक चुकीने तिच्यात एक ओळ भरावी, प्रत्येक युक्तीने एक ओळ खोटी ठरावी, आणि संकट येऊन गेल्यावरही ती पुसली जाऊ नये. १९७४ च्या त्या लहानशा कलमाने शत्रूला भूक आणि लोभ दिले होते. त्याला स्मृती देण्याचे काम अद्याप बाकी आहे.