कांदाचाळीची रचना आणि ऊर्जेचा हिशेब : एक चिकित्सा

गोदामांतील ऊर्जाबचतीची चर्चा बहुधा वीजबिलापासून सुरू होते आणि कार्यक्षम यंत्रे बसविण्याच्या शिफारशीपाशी संपते. साठवणगृहाची रचना हाच ऊर्जावापराचा मूळ निर्णय असतो, ही बाब तीत दुर्लक्षित राहते. नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कांदाचाळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि ऑक्टोबरपर्यंत साठविला जातो. तो ० ते २ अंश सेल्सिअसला टिकतो, तसाच २५ ते ३० अंशांनाही टिकतो. मधल्या तापमानात मात्र त्यास लवकर कोंब फुटतात. दोन्ही ठिकाणी ६५ ते ७० टक्के आर्द्रता अनुकूल असते. शीतगृहाने पहिला मार्ग स्वीकारला आहे. तेथे यंत्रणा महिनोन्‌महिने चालवावी लागते. शिवाय बाहेर काढलेल्या थंड कांद्यावर ओलावा धरतो व कोंबही झपाट्याने येतात.

चाळीने दुसरा मार्ग स्वीकारला. जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच तळ, तळाशी व बाजूंना फटी, सुमारे चार फूट रुंदीचे कप्पे आणि चार ते पाच फुटांपर्यंतचा थर, ही तिची सुधारित रचना होय. कांद्याच्या श्वसनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व खालून ताजी हवा शिरते. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधण्याची शिफारसही वारा व ऊन यांच्या विचारातूनच आली आहे. थर उंचावला की हा प्रवाह खुंटतो आणि सड सुरू होते.

तथापि, वीज लागत नाही म्हणून चाळ ऊर्जाकार्यक्षम आहे, हा निष्कर्ष अपुरा ठरतो. सडलेल्या प्रत्येक क्विंटलमागे पंपाची वीज, ट्रॅक्टरचे डिझेल आणि युरियाच्या निर्मितीत लागलेला नैसर्गिक वायू वाया जातो. हा खर्च चाळीच्या मीटरवर उमटत नाही, इतकेच. लासलगाव येथे २००२ साली सुरू झालेल्या विकिरण केंद्रातील प्रक्रियेने कोंब रोखता येतात. सड व वजनातील घट यांसाठी मात्र योग्य साठवणुकीस पर्याय नाही.

धोरणाची उणीव नेमकी येथेच जाणवते. चाळीसाठीचे शासकीय अनुदान साठवणक्षमतेच्या टनांवर मोजले जाते. त्यामुळे किती कांदा आत मावतो, हा प्रश्न विचारला जातो. किती कांदा विक्रीयोग्य अवस्थेत बाहेर येतो, हा नाही. भाव वाढण्याच्या आशेवर असलेला शेतकरी थर उंचावतो, तेव्हा कागदावरची क्षमता वाढते आणि रचनेचा हेतूच पराभूत होतो.

चाळीच्या मर्यादाही मान्य कराव्या लागतील. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. अशा वेळी केवळ नैसर्गिक वायुवीजन पुरे पडत नाही. तेथे कोरड्या प्रहरी मोजका वेळ चालणारा पंखा समर्थनीय ठरतो. त्याने वापरलेली वीज वाचलेल्या कांद्याच्या तुलनेत जोखली पाहिजे.

सारांश, साठवणगृहाची ऊर्जाकार्यक्षमता प्रति टन क्षमतेऐवजी बाहेर पडणाऱ्या प्रति टन निरोगी मालावर मोजणे आवश्यक आहे. हा मापदंड स्वीकारल्यास चाळ व शीतगृह यांची तुलना न्याय्य होईल आणि अनुदानाचा रोखही बांधकामाकडून साठवणुकीच्या परिणामाकडे वळेल.