पाककृतीतील लुप्त कर्ता

पाकशास्त्रावरील पुस्तकांचा परामर्श वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने घ्यावा की काय, याविषयी आपल्याकडे एक अबोल संकोच आढळतो. सामान्य वकुबाच्या कादंबरीवरही चार पाने खर्ची पडतात. परंतु जी पुस्तके घरोघर पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, ज्यांची पाने तेलातुपाच्या डागांनी पारदर्शक झाली, त्यांच्यासाठी समीक्षेच्या पंगतीत पाट मांडला जात नाही. हा पंक्तिप्रपंच आम्हांस मान्य नाही. जे लेखन वाचून मनुष्याने प्रत्यक्ष काही करावयाचे असते, त्याची परीक्षा तर अधिकच कसोशीने व्हावयास हवी.

अलीकडे विसाव्या शतकाच्या मध्यावरील, म्हणजे सुमारे १९४० ते १९६० या काळातील पाककृती आजच्या स्वयंपाकघरात करून पाहण्याची हौस वाढली आहे. आजीची वही शोधून काढावी, एखादे जीर्ण पुस्तक मिळवावे आणि त्यातील पदार्थ गॅसची शेगडी, मिक्सर व विजेची भट्टी यांच्या साह्याने सिद्ध करावा, अशी ही रीत आहे. हौस स्तुत्यच आहे. मात्र तिच्यातून जे अभिप्राय निघतात ते बहुधा दोनच प्रकारचे असतात. पदार्थ साधला, तर जुने ते सोने. आणि बिघडला, तर जुन्या बायकांना मापाचे भान नव्हते. हे दोन्ही निकाल आम्हांस उतावळेपणाचे वाटतात. म्हणून गेले काही महिने आम्ही त्या काळच्या पद्धतीचे काही पदार्थ आजच्या साधनांनी करून पाहिले. हेतू चवीचा निवाडा करण्याचा नव्हता. जुनी पाककृती हा एक ग्रंथपाठ मानून तो कोठे बोलतो आणि कोठे गप्प राहतो, हे आम्हांस पाहावयाचे होते.

मराठीतील या वाङ्मयाची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले. त्याच्या नावातील हजाराचा आकडाच त्यामागील कोशकाराची उमेद सांगतो. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ सालची, म्हणजे ऐन महायुद्धातील. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तेथून या वाङ्मयाचे एक निराळे पर्व सुरू झाले. आमच्या विचाराचा विषय आहे तो ‘रुचिरे’पूर्वीच्या पिढीची लेखनपद्धती, मग ती छापील पुस्तकातील असो की घरगुती वहीतील.

या लेखनपद्धतीचे पहिले लक्षण तिच्या व्याकरणात आहे. तांदूळ धुवावे, डाळ शिजवावी, खोबरे वाटावे, तूप फेसावे. सारी वाक्ये विध्यर्थी आणि सारी कर्त्यावाचून. शाळेतल्या मुलास विचारले तर तो सांगेल की येथे ‘गृहिणीने’ हे पद अध्याहृत आहे. पण प्रत्यक्षात ते तसे होते काय? डाळ शिजविणारी एक, खोबरे वाटणारी दुसरी, पाणी भरणारी तिसरी, आणि ‘आता पुरे’ असे सांगणारी चौथीच. विध्यर्थाच्या एका ‘वे’मध्ये ही सगळी माणसे लुप्त झाली आहेत. आजच्या स्वयंपाकघरात एकटा मनुष्य ती पाककृती हाती घेतो, तेव्हा त्या सर्वांच्या जागी तो स्वतःच उभा राहतो. आणि वाक्यात काय काय गाळलेले होते, याचा उलगडा त्याला तेव्हा होतो.

प्रथम मापांचा विचार करू. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे दशमान वजने आली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्यापूर्वीची पाककृती शेर, पावशेर, नवटाक आणि तोळा यांत बोलते. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅमचा होतो. परंतु मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता आणि त्याचा चाळिसावा हिस्सा असलेला शेर ३१८ ग्रॅमच्या आसपासच भरे. शिवाय धान्य मोजण्याचा शेर वेगळा: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. तेव्हा ‘एक शेर’ या दोन शब्दांनी किती पदार्थ सांगितला, हे पुस्तक कोणत्या गावचे आणि वस्तू मापायची की तोलायची, हे ठाऊक असल्याखेरीज कळत नाही. लिहिणारीला ते ठाऊक होते, वाचणारीलाही ठाऊक होते. म्हणून ते लिहिले गेले नाही. याला मापाचे भान नसणे म्हणणे अन्यायाचे आहे.

अनारशांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद ठरले. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, मग सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटून चाळावे आणि पिठाइतकाच गूळ घालावा, ही सर्वपरिचित रीत. आता ‘पिठाइतका’ म्हणजे कशाइतका? मूळच्या कोरड्या तांदळाइतका की भिजून जड झालेल्या ओल्या पिठाइतका? संस्कृत ग्रंथाच्या संपादकास जसा संदिग्ध पाठ भेटावा, तसा हा पाठ आहे. आम्ही दोन्ही अर्थ प्रमाण मानून दोन गोळे केले. कोरड्या तांदळाच्या वजनाने गूळ घातलेले अनारसे तुपात धरून राहिले. ओल्या पिठाच्या वजनाने घातलेले हसले. अनारसा तुपात फुटून पसरला की तो हसला असे आपण म्हणतो, आणि तेथे खरोखर टीकाकाराचेच काम तो करतो. तयार मिळणारे तांदळाचे कोरडे पीठ घेतले, तर मात्र कोणताच अर्थ लागू पडत नाही. कारण त्या पिठात तीन दिवसांचे भिजणे आणि त्याबरोबर येणारे किंचित आंबणे नसते. उलट भिजविलेले तांदूळ मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवून चाळले, तर उखळीची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणजे येथे साधन बदलून चालते, वेळ बदलून चालत नाही. पाककृतीत या दोहोंना सारखेच महत्त्व दिलेले दिसते. त्यातले अटळ कोणते आणि सोयीचे कोणते, हे करून पाहिल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट विस्तवाची. नानकटाईसाठी निखारे वर अधिक आणि खाली थोडे ठेवावे, असे जुनी रीत सांगते. गॅसच्या शेगडीवर ही सूचना निरर्थक होते, कारण तेथे आच खालूनच लागते. विजेच्या भट्टीत ती पुन्हा सार्थ होते, आणि आमचा स्पष्ट अभिप्राय असा की, तेथे नानकटाई निखाऱ्यांपेक्षा अधिक सारखी भाजून निघते. जुन्याचा अभिमान धरणाऱ्यांनी हे मोकळेपणाने कबूल करावे. मात्र परातीत तळहाताने तूप फेसून ते पांढरे व हलके करावयाचे, ही पायरी गाळली तर भट्टी कितीही चांगली असली तरी नानकटाई दगड होते.

पुरणाच्या बाबतीत याच्या उलट घडते. हरभऱ्याची डाळ उघड्या पातेल्यात पुष्कळ पाण्यात शिजविली की वरचे पाणी, म्हणजे कट, निथळून निघतो. त्याचीच कटाची आमटी होते. १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. त्यात बेताच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, परंतु निथळण्याजोगा कट हाती राहत नाही. जुन्या पुस्तकात या दोन पाककृती दोन निराळ्या पानांवर असल्या तरी त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. एकीचे उरलेले पाणी ही दुसरीची सामग्री होती, आणि हा काटकसरीचा हिशेब कोठेही लिहिलेला नव्हता.

आता वाटणाकडे वळू. ‘गंधासारखे बारीक वाटावे’ ही उपमा त्या काळच्या पाककृतींत वारंवार भेटते. ती कळण्यास घरात सहाण असावी लागते आणि तिच्यावर चंदन उगाळल्याचा अनुभव बोटांना असावा लागतो. मिक्सरची पाती नारळ कापतात, पाट्यावर वरवंटा तो चिरडतो. शिवाय मिक्सरला पाणी अधिक लागते आणि फिरता फिरता तो वाटण तापवितो. आम्ही एकच वाटण दोन्ही रीतींनी करून माशाच्या कढीत घातले. पाट्यावरचे वाटण अधिक दाट व एकजीव झाले, हे खरे. पण तेवढ्या वाटणास पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास उकिडवे बसून, खांदे व मनगटे झिजवून काढावा लागला. चार माणसांच्या घरासाठी हे एकदा करणे ही हौस झाली. वीस माणसांच्या घरासाठी, दोन्ही वेळ, बारा महिने हे करणे म्हणजे काय होते, याचा विचार ती कढी जेवताना आमच्या मनातून हटला नाही.

येथे मूळ मुद्द्याशी आपण परत येतो. ‘गंधासारखे बारीक वाटावे’ या वाक्याचा कर्ता कोण होता? अनेक घरांतून ती नवी सून होती. अनेकांतून आश्रयाला राहिलेली विधवा आत्या किंवा मावशी होती, जिच्या श्रमाचा मोबदला दोन वेळचे जेवण एवढाच होता. पुस्तकाने तिचे नाव घेतले नाही, कारण व्याकरणाने तशी गरजच ठेवली नव्हती. आज जे लोक ‘पाट्यावरच्या वाटणाची चव गेली’ म्हणून हळहळतात, ते चवीविषयी खोटे बोलत नाहीत. परंतु त्यांच्याही वाक्यात कर्ता नसतो. त्यांतील कितींनी तो वरवंटा स्वतः हाती धरला होता, हे विचारण्यासारखे आहे.

मग हे जुने वाङ्मय टाकाऊ मानावे काय? मुळीच नव्हे. तो कर्ता अदृश्य असला तरी अडाणी नव्हता. तुपाचा रंग, पाकाची तार, डाळीचे बोटचेपे होणे, वाफेचा वास, या खुणांनी चालणारे एक सूक्ष्म ज्ञान त्या विध्यर्थांमागे उभे आहे, आणि घड्याळ व तापमापक यांच्या भरवशावर राहणाऱ्या आजच्या पाककृतींत ते क्षीण झाले आहे. हे ज्ञान ज्या स्त्रियांनी मिळविले त्यांचे श्रम विसरणे जितके चूक, तितकेच त्या श्रमांच्या करुणेपोटी त्यांचे कौशल्य विसरणेही चूक.

या दृष्टीने ‘रुचिरे’ची थोरवी आम्हांस निराळ्या ठिकाणी दिसते. तिने वाटी व चमचा ही घरातलीच मापे धरली, हे सर्वजण सांगतात. वाटी घरोघर लहानमोठी असते, हा आक्षेप फारसा टिकत नाही. एकाच वाटीने सर्व मोजले की प्रमाण सांभाळले जाते. महत्त्वाचे हे की, जिच्या शेजारी सांगणारी सासू वा आई नाही, अशा एकट्या स्त्रीसाठी ते पुस्तक लिहिले गेले. जुन्या पुस्तकाला शिकविणारी बाई घरात गृहीत होती. या पुस्तकाने ती भूमिका स्वतःकडे घेतली. त्यात काही खुणा गळाल्या असतील, परंतु वाक्याचा कर्ता कोण आहे हे लेखिकेला पक्के ठाऊक होते.

जुन्या पाककृतींची नवी संस्करणे काढणाऱ्यांविषयी मात्र आमची तक्रार आहे. पावशेर खोडून पाव किलो लिहिणे, निखारे खोडून ‘मध्यम आच’ लिहिणे आणि हे बदल केल्याचे कोठेही न सांगणे, ही रीत सर्रास चालते. पक्क्या शेराचा पावशेर २३३ ग्रॅमचा. तेथे २५० ग्रॅम आले तर फरक थोडा. पण तोच पावशेर मुंबईचा जुना असेल, तर जेथे ८० ग्रॅम हवे तेथे तिप्पट पडते. पदार्थ बिघडतो आणि ठपका बिचाऱ्या मूळ लेखिकेवर येतो. कवितेच्या संग्रहात संपादकाने असा हात फिरविला असता, तर आपण गप्प राहिलो असतो काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. या पुस्तकांचा मूळ पाठ जसाच्या तसा छापावा. पानाखाली टीप देऊन शेर कोणता, गूळ कशाच्या वजनाने, विस्तव कोठून आणि किती, हे करून पाहिलेल्या मनुष्याने सांगावे. आणि जेथे ‘वाटावे’, ‘घोटावे’, ‘कुटावे’ असे येते, तेथे त्या कामास किती वेळ व किती माणसे लागत, हेही लिहावे. एवढे केले तर वाचणाऱ्यास पदार्थ तर साधेलच. शिवाय ते वाक्य कोणाच्या हातांवर उभे होते, हेही त्याला कळेल.